नरनाळ्याची एक दिवसाची शेतकरी सहल

वऱ्हाडातील शेतकऱ्याला सहल म्हटली म्हणजे देवदर्शन किंवा कृषी प्रदर्शन एवढेच बहुधा आठवते. सातपुड्याचा डोंगर उत्तरेकडे रोज दिसत असतो. परंतु तेथे एक दिवस मुद्दाम जाऊन यावे, असे फार थोड्या गावांत घडते. अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यात असलेला नरनाळ्याचा किल्ला व त्याभोवतालचे अभयारण्य ही त्या दृष्टीने सोयीची जागा आहे. सकाळी निघून रात्री जेवणाच्या वेळेला घरी परतता येते, खर्च बेताचा येतो, आणि वाटेवर शेतीच्या दृष्टीने पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र बेत नीट आखलेला असला पाहिजे. अनेक सहली वाटेतच फसतात, कारण निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत कोणी कशाचीच चौकशी केलेली नसते.

पहिला प्रश्न दिवस कोणता धरावा हा होय. पावसाळ्यात डोंगर हिरवा असतो, धबधबे वाहतात, म्हणून तरुण मंडळींचा ओढा तिकडे असतो. परंतु त्याच दिवसांत डवरणी, निंदण व फवारणी चालू असते. घाटात धुके असते, दगडी पायऱ्या शेवाळलेल्या असतात, आणि जंगलातील काही भाग वन विभागाकडून बंद ठेवला जातो. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शिवाय फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा काळ सुरू होतो. सागाची पाने गळून वाळलेली असतात व एका विडीच्या थोटकाने डोंगराचा उतार पेटू शकतो. तेव्हा जानेवारी महिना सर्वांत बरा. कपाशीचा दुसरा वेचा बहुतेक ठिकाणी आटोपलेला असतो, हरभरा घाट्यांवर असतो, आणि पौषात लग्नसराई नसल्यामुळे माणसे मोकळी सापडतात. तुरीची सोंगणी व ओलिताच्या पाळ्या मात्र प्रत्येक घरी विचारून घ्याव्यात. ज्याच्या विहिरीवर वीज दिवसा येणार आहे त्याला त्या आठवड्यात आग्रह करू नये.

नरनाळा अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या अकोट वन्यजीव विभागात मोडते. त्यामुळे पायथ्याच्या शहानूर गावाजवळील फाटकावर नोंद करून व शुल्क भरूनच आत जाता येते. प्रवेशाच्या वेळा, शुल्क, साप्ताहिक सुटी, वर कोणती वाहने सोडतात आणि वाटाड्या घ्यावा लागतो किंवा काय, ही माहिती अकोटच्या कार्यालयातून आठ दिवस आधी विचारून घ्यावी. नियम वेळोवेळी बदलतात. मागल्या वर्षी कोणी गेला होता त्याच्या सांगण्यावर विसंबू नये. तसेच अकोल्याहून येणाऱ्यांना गांधीग्रामजवळ पूर्णा नदी ओलांडावी लागते, तेथील पुलाचीही चौकशी करावी. २०२२ मध्ये जुन्या पुलाला तडे गेल्यामुळे ही वाट बंद करावी लागली होती.

अकोल्याहून अकोट सुमारे ४५ कि.मी. व तेथून शहानूर सुमारे २० कि.मी. आहे. अमरावतीकडील मंडळींनी परतवाडा, अंजनगाव सुर्जी या मार्गाने अकोट गाठावे. अमरावती जिल्ह्यातील पुष्कळांचा ओढा चिखलदऱ्याकडे असतो, आणि तेथील कॉफीची लागवड पाहण्यासारखीच आहे; परंतु सुटीच्या दिवशी तेथे गर्दी फार होते, आणि या लेखात ज्या गोष्टीसाठी सहल सुचविली आहे ती नरनाळ्याच्या वाटेवर अधिक स्पष्ट दिसते.

ती गोष्ट म्हणजे पाणी. अकोल्याहून सकाळी साडेपाचला निघालेली गाडी पूर्णेच्या काठी पोहोचते तेव्हा नुकते उजाडत असते. तेथे दहा मिनिटे थांबावे. हा खारपाणपट्टा. जमीन काळी, खोल व चिकण. विहिरीचे पाणी खारे. ते पिकाला दिले तर जमीन बिघडते, म्हणून येथील शेतकरी पिढ्यानपिढ्या पावसावर व जमिनीतील ओलीवर अवलंबून राहिला. अकोट ओलांडून उत्तरेस गेले की दृश्य पालटते. संत्र्याच्या बागा दिसू लागतात, विहिरींना गोडे पाणी लागते. येथे डोंगरातून वाहून आलेले गोटे, वाळू व माती यांचे जाड थर साचलेले आहेत. नाला डोंगरातून खळाळत येतो आणि सपाटीला लागताच थोड्या अंतरात त्याचे पाणी जमिनीत दिसेनासे होते. तेच पुढे विहिरींत व विंधन विहिरींत येते. बागा वाढल्या, उपसा वाढला, आणि पाण्याची पातळी मात्र खाली चालली आहे, हे तेथील कोणताही बागाईतदार सांगेल. वाटेत एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या बागेत अर्धा तास थांबून त्याच्या विहिरीची खोली त्याच्याच तोंडून ऐकावी. व्याख्यानापेक्षा ते बरे.

येथेच शेततळ्याचा विचार मंडळींपुढे ठेवता येतो. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल शेततळ्यात, बाजूंचा उतार एकास एक धरल्यास, सुमारे २,१९६ घनमीटर म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावते. एक हेक्टरला ५ सेंटिमीटरचे एक संरक्षक ओलीत द्यावयाचे तर ५ लाख लिटर लागतात. बाष्पीभवन व झिरपा वजा जाता हरभऱ्याच्या दोन-तीन हेक्टरांना एक पाळी या तळ्यातून होऊ शकते. खारपाणपट्ट्यात चिकण मातीमुळे पाणी कमी मुरते व साठलेले पावसाचे पाणी गोडे असते, म्हणून शेततळे तेथे उपयोगी पडते. डोंगराच्या पायथ्याशी तेच तळे अस्तराशिवाय खोदले तर पाणी टिकणार नाही. तेथे नाल्यात बंधारे घालून पाणी मुरविणे व विहिरीचे पुनर्भरण करणे अधिक योग्य. दोन गावांत अंतर थोडेच, परंतु उपाय निराळे. कागदावर ही गोष्ट सांगून पटत नाही, त्याचे कारण बहुतेकांनी ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहिलेली नसतात.

किल्ला समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. अकोला शहर सुमारे २८० मीटरांवर. मधला नरनाळा, पूर्वेस जाफराबाद व पश्चिमेस तेलियागड असे त्याचे तीन भाग. बहामनी काळातील, १४८६ च्या सुमारास बांधलेला महाकाली दरवाजा अवश्य पाहावा. त्यावरील कमळे व कोरीव अक्षरे अद्याप शाबूत आहेत. नवगजी तोफेपाशी मुले रेंगाळतील, त्यांना रेंगाळू द्यावे. मोठ्यांनी मात्र तलाव व टाकी नीट पाहावीत. एवढ्या उंचीवर नदी नाही. पडणारा पाऊसच उतारांवरून पाटांनी वळवून तलावांत साठविला जाई आणि त्यावर शिबंदी व जनावरे जगत. तेल-तुपाचे म्हणून दाखविले जाणारे कमानींवर झाकलेले टाकेही येथेच आहे. शक्कर तलावात परीस आहे अशी जुनी समजूत होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात तलाव आटला तेव्हा लोकांनी तो शोधला, पण मिळाला नाही. त्या वर्षी तलावाच्या पाण्याचीच किंमत परिसाहून अधिक झाली असावी.

आता जेवणाविषयी. वऱ्हाडात चार माणसे रानात जमली की गोवऱ्यांवर रोडगे आणि वांग्याची भाजी ठरलेलीच. हा बेत नरनाळ्यावर करू नये. अभयारण्यात विस्तव पेटविणे मना आहे, आणि धुराने आग्या मोहळ उठले तर दरवाज्याच्या अरुंद वाटेत माणसांना पळायलाही जागा राहत नाही. रोडग्यांची हौस एखाद्या रविवारी गावच्या शेतावर भागवावी. सहलीला ज्वारीच्या भाकरी, कोरडे बेसन, ठेचा व कांदा फडक्यात बांधून न्यावा. प्लास्टिकची ताटे-वाट्या नकोत. पिण्याचे पाणी माणशी चार लिटर धरावे. पंचवीस माणसांना शंभर लिटर म्हणजे वीस लिटरचे पाच कॅन. वर पाणी मिळेल असे गृहीत धरू नये, व तलावांत कोणीही उतरू नये. पोहणारा असला तरी नाहीच. काठ निसरडे आहेत, तळाचा अंदाज येत नाही, आणि सर्वांत जवळचा दवाखाना घाट उतरून गाठावा लागतो.

महिला शेतकऱ्यांना पुष्कळदा अशा बेतात धरलेच जात नाही. शेतीचे निम्म्याहून अधिक काम ज्या करतात त्यांना डोंगर दाखविण्याचे कोणाला सुचत नाही, हे नवल आहे. त्यांच्यासाठी अकोट व शहानूर येथे स्वच्छतागृहाची सोय आहे की नाही ते आधीच पाहून ठेवावे; तेवढी एक चौकशी केली तर त्यांची संख्या आपोआप वाढते. वयस्कर मंडळींना वाहनाने वर नेण्याची परवानगी मिळते काय, तेही त्याच वेळी विचारावे.

दोन गाड्या असल्यास प्रत्येक गाडीला एक जबाबदार माणूस नेमावा. त्याने नावांची यादी खिशात ठेवावी व गाडी हलण्यापूर्वी दर वेळी डोकी मोजावीत. वाट सोडून जंगलात शिरू नये. येथे बिबट्या व अस्वल यांचा वावर आहे. वर्गणी आधी गोळा करावी व खर्च त्याच दिवशी वहीत लिहावा.

दुपारी तीनच्या सुमारास उतरावयास लागावे, म्हणजे उजेडात शहानूरचे फाटक ओलांडता येते. पोपटखेड येथे चहा घेऊन अंधार पडेपर्यंत अकोट गाठावे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रामपंचायतीत वही वाचून दाखवावी, उरलेली वर्गणी परत करावी, आणि आपल्या शिवारात शेततळे की पुनर्भरण यावर कोणाला अर्ज करावयाचा असेल त्याची नावे त्याच बैठकीत लिहून घ्यावीत.