चेक : एका शब्दाचा प्रवास

‘चेक’ हा शब्द आता केवळ इंग्रजी राहिलेला नाही. गाडीत तिकीट चेक करतात, दवाखान्यात चेकअप होते, शर्टाला चेक्स असतात, ओढ्यावर चेक डॅम बांधतात आणि बँकेत चेक भरतात. मुंबईची जकात 2017 साली बंद झाली, तरी मुलुंडचा ‘चेकनाका’ लोकांच्या तोंडून गेलेला नाही. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे, त्यामुळे हा शब्द दिवसभर आमच्या कानावर आदळत असतो. अडवणे, तपासणे, चौकडी आणि पैशाचा कागद यांचा एकमेकांशी संबंध तो काय? विद्यार्थी हे अर्थ सुटे सुटे पाठ करतात. वास्तविक हे सारे अर्थ बुद्धिबळाच्या पटावरून उठलेले आहेत.

हा खेळ आपल्याकडचा. हत्ती, घोडे, रथ व पायदळ अशी सैन्याची चार अंगे, म्हणून ‘चतुरंग’. तो इराणात गेला. तेथे राजाला ‘शाह’ म्हणत, आणि राजावर मारा आला की खेळणारा ‘शाह’ असे म्हणून समोरच्याला सावध करी. आपले ‘शह देणे’ ते हेच. पुढे अरबांमार्फत हा शब्द युरोपात पोहोचला. लॅटिन व जुनी फ्रेंच असे वळसे घेत इंग्रजीत येईपर्यंत ‘शाह’चा ‘चेक’ झाला होता. ‘चेस’ हे खेळाचे नाव त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आले. इतकेच काय, ‘शाह’ आणि संस्कृतातील ‘क्षत्र’ हेही एकाच कुळातले. ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’. त्याचा अर्थ ‘राजा मेला’ असा सांगण्याची पद्धत आहे. परंतु पटावरचा राजा कधी मारला जात नाही, तो कोंडला जातो. म्हणून फारसीतील ‘मात’ म्हणजे हतबल, हाच अर्थ आम्हाला अधिक पटतो.

शह बसला की बाकी सगळे बेत बाजूला ठेवून आधी राजाला वाचवावे लागते. त्यावरून ‘चेक’ म्हणजे अडवणे, आवर घालणे. चेक डॅम पाण्याचा वेग अडवतो. अडवले की पाहणे आलेच, म्हणून पुढे तपासणे. पटावरच्या घरांवरून कापडाची चौकडी आली.

पटावरूनच आणखी एक गोष्ट घडली. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसुली-हिशेब सुमारे 10 फूट लांब व 5 फूट रुंद मेजावर होत असे. मेजावर रेघांचे काळे कापड अंथरत. त्यावर पेन्स, शिलिंग, पौंड अशा रकान्यांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी चाले, कारण रोमन आकड्यांत हिशेब करणे फार जिकिरीचे. मेज बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून त्या कचेरीला ‘एक्सचेकर’ हे नाव पडले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतो.

आता आमच्या टेबलावरचा चेक. मराठीत आपण ‘धनादेश’ म्हणतो. तो शब्द कागदाचे काम नेमके सांगतो : अमक्याला धन द्या, असा आदेश. इंग्रजी शब्द मात्र वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवतो. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ हे नाव मुख्य कागदाचे नव्हते, त्याच्या काउंटरफॉईलचे होते. कागद पैशासाठी आला की तो जपून ठेवलेल्या तुकड्याशी ताडून पाहत. लबाडीला शह देणारा तो तुकडा, म्हणून चेक. पुढे हे नाव कागदाकडे सरकले. एकोणिसाव्या शतकात ‘एक्सचेकर’च्या धर्तीवर शेवटी क्यू-यू-ई लिहिण्याची रीत इंग्लंडात रुळली, अमेरिकेने सी-के ठेवले. आपला परक्राम्य संलेख अधिनियम 1881 चा, इंग्रजांच्या अमदानीतला. त्यात क्यूच आहे. विद्यार्थ्यांनी अर्जात तोच लिहावा. अमेरिकेत शिकायला गेलेल्यांनी हॉटेलात ‘चेक’ आला म्हणून दचकू नये, तेथे बिलालाही चेकच म्हणतात.

ज्या तुकड्याने हे नाव दिले, तोच तुकडा आमचे बहुतेक खातेदार कोरा ठेवतात. हल्ली बऱ्याच चेकबुकांत काउंटरफॉईलऐवजी नोंदीचे पान असते, तेही कोरेच. मग कोणी घाबरीघुबरी होऊन काउंटरवर येते : चेक हरवला, सही करून ठेवला होता, रकमेची जागा रिकामी होती. आम्ही नंबर विचारतो, तर नंबर माहीत नाही. पुस्तकातून मधलाच चेक फाडलेला असेल तर राहिलेल्यांवरून तो काढता येतो. पण दोन-तीन जणांना चेक दिलेले असले की कोणता कोणाचा, हे सांगता येत नाही. चेकला 3 महिन्यांची मुदत असते (1 एप्रिल 2012 पूर्वी ती 6 महिन्यांची होती), आणि तेवढे दिवस जीव टांगणीला लागतो. तेव्हा आधी नोंदीच्या पानावर नंबर, तारीख, नाव व रक्कम लिहावी, मग चेक भरावा, रकमेपुढच्या मोकळ्या जागेत रेघ ओढावी आणि सही सर्वांत शेवटी करावी. हरवल्यास त्याच क्षणी तो नंबर बँकेला कळवून ‘स्टॉप पेमेंट’ करून घ्यावे.