तिसऱ्यांच्या पोटातली खाडी

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असलेली वाळू उघडी पडते. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी, भाट्ये यांसारख्या खाड्यांत मग बायका टोपल्या घेऊन उतरतात. हाताने, पायाच्या बोटांनी चाचपत वाळूतली तिसरी शोधायची, हे काम कमरेचा काटा ढिला करणारं आहे. बाजारात वाट्यावर मिळणाऱ्या तिसऱ्यांमागे हे श्रम असतात.

तिसऱ्या या एकाच नावाखाली खाडीतल्या दोन-तीन जाती विकल्या जातात. ‘पाफिया मलबारिका’ ही त्यांतली महत्त्वाची. सगळ्यांची राहणी मात्र सारखी. स्नायूंच्या पायाने वाळूत घुसायचं आणि दोन नळ्या वर ठेवायच्या. एकीतून पाणी आत येतं, कल्ल्यांवरच्या चिकट द्रावात सूक्ष्म शेवाळ आणि कण अडकतात, गाळलेलं पाणी दुसरीतून बाहेर पडतं. जिथे पाणी खेळतं, वाळू फार चिखलट नसते आणि समुद्राचं खारं पाणी नदीच्या गोड्या पाण्यात मिसळतं, तिथे त्या वाढतात.

त्यांची चवसुद्धा या पाण्यातूनच येते. पाण्याचा खारेपणा वाढला की शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून तिसरी आपल्या पेशींत ग्लायसिन, अ‍ॅलानिन यांसारखी अमिनो आम्लं साठवते. ही आम्लं जिभेला गोड लागतात. पावसाळ्यात खाडी गोडी झाली की हा साठा उतरतो, चवही उतरते. मे महिन्यातल्या तिसऱ्यांचं कौतुक उगाच होत नाही!

शिंपल्यांना जोडणारा लवचीक बंध त्यांना सतत उघडू पाहतो आणि आतले स्नायू ओढून मिटलेले ठेवतात. उष्णतेने स्नायूंची पकड सुटते, म्हणून वाफेवर शिंपल्या आपोआप उघडतात. एकशिपी करायची तर मात्र विळीवर उघडून मांस एका शिंपीत राखायचं. उघडताना गळणारं पाणी फेकणं हा मला मोठा अपव्यय वाटतो. ते निवू द्यावं, तळाची वाळू सोडून वरचं पाणी वाटलेल्या खोबऱ्यात घालावं, आमसुलं टाकावीत आणि मीठ अगदी शेवटी चाखून घालावं, कारण खाडीचं मीठ त्यात असतंच.

शंभर ग्रॅम मांसात साधारण 10 ते 14 ग्रॅम प्रथिनं, स्निग्धांश जेमतेम एक-दोन ग्रॅम, शिवाय लोह, जस्त आणि सेलेनियम. खरी श्रीमंती ब-12 जीवनसत्त्वाची. ते वनस्पती किंवा प्राणी बनवत नाहीत, जिवाणू बनवतात, आणि तिसरी जिवाणूही गाळून खाते. प्रौढ माणसाला दिवसाला लागणाऱ्या दोन-अडीच मायक्रोग्रॅमच्या कित्येक पट ब-12 तिसऱ्यांच्या एका वाटीतून मिळतं.

पण गाळणारा जीव विषही गाळून साठवतो. मैलापाण्यातले जिवाणू नीट शिजवल्याने मरतात. जड धातू आणि काही शेवाळांची विषं मात्र उकळूनही जात नाहीत. 1997 साली केरळात विळिंजम इथे शिनाणे हे शिंपले खाऊन सात जणांचा जीव गेला, तो शेवाळाच्या अशाच विषाने. तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवल्याने वाळू निघते, हे विष निघत नाही. म्हणून खाडीच्या पाण्याची नियमित तपासणी ही खाणाऱ्यांची हक्काची मागणी असायला हवी.

केरळातल्याच कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीने दुसरा धडा घेतला. निर्यात सुरू झाल्यावर तिथे तिसऱ्यांचा उपसा इतका वाढला की 1991 मध्ये सुमारे दहा हजार टनांवर गेलेलं उत्पादन 1993 पर्यंत निम्म्यावर आलं. मग केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासाच्या आधारे डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या काळात बंदी आली, जाळ्याचा आस किमान 30 मिलिमीटर ठरला. 2014 मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं.

कोकणात अशा नियमांइतकाच वाळूउपशाचा प्रश्न तातडीचा आहे. तिसरीची पिल्लं सुमारे दोन आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग वाळूत उतरतात. सक्शन पंपाने तोच थर उपसला जातो, त्यात रुजलेल्या पिल्लांसकट. उपशाचे परवाने देण्याआधी प्रत्येक खाडीतले तिसऱ्यांचे पट्टे नकाशावर आखून वगळले पाहिजेत, आणि ते कुठे आहेत हे टोपल्या घेऊन उतरणाऱ्या बायकांनाच आधी विचारलं पाहिजे.