कानांनी पाहिलेले सिनेमे

गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत पाहिलेल्यांपैकी कोणते सिनेमे आवडले, असं कुणी विचारलं की मला आधी आवाज आठवतात, चेहरे मागून येतात. तुरुंगाच्या जिन्याच्या कठड्यावरून पहारेकऱ्याने फिरवलेली किल्ली. सुनावणी मध्येच थांबवून डिक्टेशन देणाऱ्या न्यायाधीशांचा सपाट सूर. एका म्हाताऱ्या वकिलाच्या घरातलं घड्याळ. सिनेमा हे दृश्यमाध्यम आहे, असं आपल्याला इतक्यांदा सांगितलं गेलंय की त्याचा अर्धा भाग कानांसाठी असतो हे आपण विसरूनच गेलो. म्हणून यंदा मी एक नेम केला. जो सिनेमा मनात रुतेल, तो पुन्हा लावायचा आणि पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकायचा.

ही गोडी लावली एका ध्वनिमुद्रकाने. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्यामुळे एका चित्रीकरणाला हजर राहता आलं होतं. शॉट संपला, नट उठायला लागले, तेवढ्यात त्यांनी हात वर करून सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. त्या रिकाम्या खोलीचा आवाज त्यांनी टिपून घेतला. याला ते लोक ‘रूम टोन’ म्हणतात. संवादांच्या मधल्या फटी या टोनने भरल्या नाहीत, तर कापलेली जागा कानाला लगेच खटकते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, हे मला त्या दिवशी कळलं आणि तेव्हापासून मी सिनेमे निराळ्या तऱ्हेने पाहू लागले.

इतिहास थोडक्यात सांगते. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. स्टुडिओजवळून गाड्या धडधडत जात, म्हणून अर्देशीर इराणींनी त्याचं बरंचसं चित्रण मध्यरात्रीनंतर केलं. मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवावे लागत. आज या बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ काढला आणि पडदा मराठी बोलू लागला. नंतर डबिंगचं राज्य आलं, नट स्टुडिओत उभे राहून आपलेच ओठ गाठू लागले. जागेवरचा खरा आवाज हिंदीत पुन्हा मानाने आला तो २००१च्या ‘लगान’पासून. एवढी पार्श्वभूमी पुरे, कारण मला ज्या सिनेमाबद्दल बोलायचंय तो १९३७चा आहे.

‘कुंकू’.

व्ही. शांतारामांचा हा सिनेमा मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण यंदा तो ऐकला. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा बोलपट मराठीत ‘कुंकू’ आणि हिंदीत ‘दुनिया न माने’ या नावाने एकाच वेळी तयार झाला. मामाने फसवून एका वयस्कर विधुर वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. शांता आपट्यांनी केलेली नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब एका छताखाली राहतात, आणि लढाई सुरू होते. जरठकुमारी विवाहाचा विषय मराठी माणसाला नवा नव्हता. देवलांच्या ‘शारदा’ने आधीच्या पिढीला तो रंगभूमीवर दाखवला होता. नवं होतं ते नीराचं ताठ उभं राहणं, आणि ते आपल्यापर्यंत पोचवण्याची शांतारामांची तऱ्हा.

या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. १९३७ साली, बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली असताना, जेव्हा दर प्रसंगाला पेटी-व्हायोलिन वाजवल्याशिवाय कुणाला चैन पडत नव्हतं, तेव्हा शांतारामांनी ठरवलं की या घरात जे वाजेल तेच प्रेक्षकाला ऐकू येईल. संगीतकार होते केशवराव भोळे. ‘अमृतमंथन’ आणि ‘संत तुकाराम’ ज्यांच्या नावावर, त्या माणसाने इथे इतका हात आखडता घेतला, हे मला त्यांच्या कुठल्याही चालीइतकंच थोर वाटतं. भोळे संगीतसमीक्षकही होते, ‘एकलव्य’ या नावाने लिहीत. कधी गप्प बसायचं हे चांगल्या समीक्षकाला ठाऊक असतं.

पाठ करून ‘कुंकू’ ऐकताना पहिली गोष्ट लक्षात येते ती घड्याळाची टिकटिक. काकासाहेबांच्या घरात हे घड्याळ एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखं वावरतं. संवाद थांबले की ते पुढे येतं. नवरा-बायको एका खोलीत आहेत, दोघंही गप्प आहेत, आणि मध्ये फक्त ती टिकटिक. दुसरा कुणी असता तर त्याने तिथे सारंगी लावली असती आणि आपण नीराची कीव करून मोकळे झालो असतो. शांताराम ती सोय ठेवत नाहीत. म्हाताऱ्याचे दिवस संपत चाललेत आणि मुलीचे फुकट जातायत, हे दोन्ही हिशेब तो एकच आवाज मांडतो. पडदा समोर असताना माझं लक्ष दात्यांच्या चेहऱ्याकडे असायचं. पाठ केल्यावर त्यांच्या आवाजातला अधिकार प्रसंगागणिक कसा गळत जातो, तो ऐकू आला. सुरुवातीचा करडा वकिली सूर शेवटी उरतच नाही. केशवराव दाते मुळात रंगभूमीचे नट. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची सवय असलेला माणूस मायक्रोफोनसमोर इतका खाली येऊ शकतो, यावर माझा विश्वास बसेना. ती जागा मी पुन्हा पुन्हा ऐकली.

आणि शांता आपटे! त्यांच्या गाण्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यांचं बोलणं जास्त आवडतं. रडका सूर त्यांना ठाऊकच नाही. लाँगफेलोची इंग्रजी कविताही त्या या सिनेमात गातात, आणि एका मराठी मध्यमवर्गीय घरात ती जराही उपरी वाटत नाही, कारण नीरा ती स्वतःला धीर देण्यासाठी गाते आहे. शांताबाई पडद्याबाहेरही तशाच होत्या. कंपनीशी करारावरून बिनसलं तेव्हा १९३९ साली त्या ‘प्रभात’च्या फाटकासमोर उपोषणाला बसल्या. त्या काळी एका नटीने मालकांच्या दारात असं बसणं केवढं मोठं होतं! सिनेमात जाऊ इच्छिणाऱ्यांना सावध करणारं पुस्तकही त्यांनी लिहिलं. नीराची भूमिका त्यांच्याकडे आली, यापेक्षा चांगला योग मराठी सिनेमात क्वचितच जुळला असेल.

त्या फाटकातून आत मी यंदाही जाऊन आले. कोल्हापुरातून पुण्याला आलेली ‘प्रभात’ १९५३ मध्ये बंद पडली आणि १९६० साली त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवरच्या या आवारात ‘प्रभात’चे जुने स्टुडिओ अजून उभे आहेत, वापरातही आहेत. आत पाऊल टाकलं की आधी बाहेरच्या रिक्षांचा आवाज तुटतो. जाड भिंती, उंच छत, आणि आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला नकोसा व्हावा असा अंधार. एक विद्यार्थी कोपऱ्यात हेडफोन लावून बसला होता आणि बूमची काठी घेतलेली त्याची मैत्रीण नुसती श्वास रोखून उभी होती. मी दारातच थांबले. याच संस्थेत शिकलेल्या रसूल पुकुट्टी यांना २००९ साली ‘स्लमडॉग मिलियनेर’च्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं. ज्या आवारात ‘कुंकू’ घडला, तिथेच आज ध्वनी शिकवला जातो, हे मला फार मोलाचं वाटतं. पुण्याला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ते सांगते.

‘कुंकू’मध्ये काकासाहेबांच्या समाजसुधारक मुलीचं काम केलंय शकुंतला परांजपे यांनी. त्या रँग्लर परांजप्यांच्या कन्या, केंब्रिजमध्ये शिकलेल्या, पुढे संततिनियमनाच्या प्रचारात आयुष्य घालवलेल्या. त्यांची मुलगी सई परांजपे. आईच्या सिनेमाला लागूनच मी मुलीचा ‘स्पर्श’ ऐकला, आणि यंदाच्या माझ्या यादीत तो आपोआप दुसरा आला. अंधशाळेचा मुख्याध्यापक असलेला अनिरुद्ध डॉक्टरचं घर शोधत निघतो आणि गाण्याच्या आवाजामागे जात कविताच्या दारात पोचतो. आधी आवाज, मग ओळख, मग प्रेम. नसीरुद्दीन शाह यांच्या अभिनयाचं सगळे कौतुक करतात, राष्ट्रीय पुरस्कारही त्यांना मिळाला. शबाना आझमींच्या आवाजाचं कौतुक मात्र मी फारसं ऐकलेलं नाही. कविताचं दुःख, तिचा संकोच, तिचा राग हे सगळं अनिरुद्धला आवाजावरूनच कळायला हवं. शबाना ते इतकं अचूक सांभाळतात की डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही कविता पूर्ण कळते. शाळेतली मुलं खरीच अंध आहेत. त्यांचा वर्गातला कलकलाट हा या सिनेमातला सर्वांत आनंदी आवाज.

परदेशी सिनेमांत रोबेर ब्रेसाँचा ‘अ मॅन एस्केप्ड’ यंदा पुन्हा पाहिला. १९५६चा. लियाँच्या माँल्यूक तुरुंगातून निसटलेल्या आंद्रे दवीन्यी या फ्रेंच प्रतिकारकाच्या अनुभवावर तो बेतलाय. कैदी चमच्याला धार लावून दाराच्या फळ्या सोडवतो, एवढीच कितीतरी वेळ चाललेली घटना. ब्रेसाँ शत्रूचे चेहरे फारसे दाखवतच नाही. पावलं ऐकवतो, किल्ल्या ऐकवतो, लांबची आगगाडी ऐकवतो. निसटायच्या रात्री भिंतीपलीकडून कसलीशी करकर येत राहते, आणि ती पहारेकऱ्याच्या सायकलची आहे हे कळेपर्यंत आपलाही श्वास अडकलेला असतो. मोझार्टचं संगीत आहे, पण मोजक्याच जागी. शांतारामांनी ब्रेसाँच्या जवळजवळ दोन दशकं आधी याच दिशेने पाऊल टाकलं होतं, ही गोष्ट आपण पुरेशा अभिमानाने सांगत नाही.

‘पुष्पक’ही याच ओघात आला. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा १९८७चा, संवादच नसलेला. कमल हासनचा बेकार तरुण गोंगाटाच्या वस्तीतून पंचतारांकित हॉटेलात पोचतो आणि तिथल्या शांततेत त्याला झोपच लागत नाही. मग तो वस्तीत जाऊन तिथला गोंगाट टेपवर भरून आणतो, हॉटेलात लावतो आणि गाढ झोपतो. मुंबईच्या चाळीतून उपनगरातल्या उंच इमारतीत गेलेल्या माझ्या एका आत्याने हा प्रसंग पाहून माझा हात घट्ट धरला होता. आवाजाने माणूस जागेशी बांधला जातो, हे इतक्या सोप्या रीतीने दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला माहीत नाही.

आता अलीकडचे मराठी. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’तला राष्ट्रगीताचा प्रसंग आठवा. डुकरामागे धावणारं शाळकरी जब्याचं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी खिळतं. तो आवाज आपण आयुष्यभर ऐकलाय. इथे तो ऐकताना पहिल्यांदाच माझी मान खाली गेली. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये लोकशाहीर नारायण कांबळेचा डफ-पोवाडा आणि न्यायालयातली रटाळ, कागदी भाषा यांची गाठ घातली आहे. शाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदार, गाणी संभाजी भगतांची. ताम्हाणेंनी गाणं पूर्ण ऐकू दिलं आणि कायद्याची कलमंही पूर्ण वाचू दिली, म्हणून अन्याय कुठे आहे ते कुणी न सांगता कळतं. त्यांच्याच ‘द डिसायपल’मध्ये शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरुळकर रात्रीच्या मोकळ्या रस्त्यांवर मोटारसायकलवरून संथ जात राहतो, कानात गानगुरू माईंच्या व्याख्यानांच्या जुन्या टेप. माई पडद्यावर कधीच येत नाहीत. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. साथीदार आणि भावे दोघेही एप्रिल २०२१ मध्ये आठवड्याभराच्या अंतराने गेले. ‘डिसायपल’ ऐकताना आता माईंचा शब्द न् शब्द जास्त जड वाटतो.

अब्बास कियारोस्तमींचा ‘शिरीन’ सर्वांना आवडेल असं नाही. सिनेमागृहात बसलेल्या बायकांचे चेहरे, आणि त्या पाहत असलेला सिनेमा आपल्याला फक्त ऐकू येतो. खुस्रो-शिरीनची जुनी प्रेमकहाणी. कंटाळा आला तरी शेवटपर्यंत बसा, एवढंच सांगेन.

हे सगळे ऐकून झाल्यावर टीव्हीवरची मालिका लागली की मला तिथे थांबवत नाही. सून स्वयंपाकघरात आली की ढण्, सासूने वळून पाहिलं की ढण् ढण्. मोठ्या पडद्यावरच्या कित्येक मराठी सिनेमांतही व्हायोलिनं आपल्या आधी रडून घेतात. चांगला नट उत्तम बोलतोय आणि त्याच्या श्वासावर कुणीतरी बासरी ओततंय, हे पाहून जीव कळवळतो. पैसे कमी असतात हे मला कळतं, पण पार्श्वसंगीत काढून टाकायला पैसे लागत नाहीत. प्रेक्षकावर विश्वास तेवढा लागतो, आणि मराठी प्रेक्षकाने ‘कुंकू’वेळीच तो सार्थ करून दाखवला आहे.

या दिवाळीत एक करा. फराळ झाला, पाहुणे पांगले की पंखा बंद करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि घरातल्या आजी-आजोबांना शेजारी बसवून ‘कुंकू’ लावा. एकदा पाहा. मग निदान शेवटचा अर्धा तास डोळे मिटून पुन्हा ऐका. लहान मुलांनाही बसवा. ती आपल्यापेक्षा चांगली ऐकतात.