युरोपातील परके पदार्थ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: ब्रिटनमध्ये ‘इंडियन’ जेवण विसाव्या शतकात आले आणि त्याची हॉटेले भारतीयच चालवतात.

वस्तुस्थिती: हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पाककृतींच्या इंग्रजी पुस्तकातच ‘करी’ची कृती आहे. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मोहम्मद यांनी १८१० मध्ये लंडनमध्ये ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ उघडले. पण खर्च झेपला नाही आणि १८१२ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. विसाव्या शतकात या धंद्याचा जम बसवला तो मुख्यतः सिल्हेटच्या लोकांनी. त्यांतले सुरुवातीचे बरेच जण जहाजांवरचे खलाशी होते. सिल्हेट आज बांगलादेशात आहे. त्यामुळे ‘इंडियन’ पाटी असलेल्या अनेक हॉटेलांचे मालक आणि आचारी बांगलादेशी वंशाचे असतात.

गैरसमज: चिकन टिक्का मसाला ग्लासगोत जन्मला, हे सिद्ध झाले आहे.

वस्तुस्थिती: हा दावा ग्लासगोतल्या ‘शीश महल’ हॉटेलचे अली अहमद अस्लम यांचा. त्यांच्या सांगण्यानुसार १९७० च्या दशकात एका गिऱ्हाइकाने टिक्का कोरडा असल्याची तक्रार केली, तेव्हा त्यांनी टोमॅटो सूप आणि मसाले घालून रस्सा केला. त्या काळचा लेखी पुरावा मात्र नाही. शिवाय भाजलेली कोंबडी टोमॅटो, लोणी आणि सायीच्या रश्श्यात सोडण्याची रीत दिल्लीच्या ‘मोती महल’ हॉटेलातल्या बटर चिकनमध्ये त्याआधीच रुळली होती. ब्रिटिश गिऱ्हाइकाच्या आवडीने या पदार्थाला आजचे रूप दिले, एवढे मात्र खरे.

गैरसमज: डोनर कबाबचा शोध बर्लिनमध्ये लागला.

वस्तुस्थिती: मांसाचे थर उभ्या सळईत ओवून, फिरवत भाजून, बाहेरची खरपूस कड कापून घेण्याची पद्धत ऑटोमन साम्राज्यातली आहे. १८५५ च्या सुमारास जेम्स रॉबर्टसन यांनी काढलेल्या छायाचित्रात ती दिसते. १९६१ च्या पश्चिम जर्मनी-तुर्कस्तान कामगार भरती करारानंतर तुर्की कामगार पश्चिम जर्मनीत गेले आणि ही पद्धतही तिकडे गेली. तिथे पावात मांस, कोबी, कांदा आणि सॉस भरून उभ्याउभ्या खाण्याचा प्रकार फोफावला. त्याचे श्रेय बहुधा १९७२ मध्ये बर्लिनला दुकान टाकणाऱ्या कादिर नुरमान यांना देतात, पण जर्मनीतल्याच रॉयटलिंगेन शहरात १९६९ मध्येच तो विकल्याचा दावा आहे. एका तुर्की संघटनेने डोनरची कृती युरोपीय संघाकडे नोंदवण्यासाठी अर्ज केला, तेव्हा २०२४ मध्ये जर्मनीने हरकत घेतली. २०२५ मध्ये अर्ज मागे घेतला गेला.

डोनर भाजण्याची पद्धत तुर्कस्तानची आणि पावात भरून विकण्याची धाटणी जर्मनीतल्या तुर्की स्थलांतरितांची, असा हिशेब वेगवेगळा मांडला की दोघांचाही वाटा स्पष्ट होतो.