तळेगावचा पेला कशावरून?

पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीची गोष्ट बहुतेक जण १९५४ पासून, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सुरू करतात. पण त्याच रेल्वेमार्गावर जरा पुढे, तळेगाव दाभाड्यात, १९०८ मध्येच काचेची भट्टी पेटली होती. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. भट्टीचं शास्त्र शिकवायला होते ईश्वरदास वार्ष्णेय. ते जपानात आणि अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून आले होते.

एवढा इतिहास पाठीशी असल्यावर व्हायचं ते होतंच. पुण्याच्या जुन्या बाजारात किंचित हिरवट, बुडबुडे असलेला जाड पेला हाती घेतला की विक्रेता हमखास सांगतो, ‘तळेगावचा आहे, स्वदेशीतला.’ भावही लगेच चढतो. पेल्याच्या बुडाशी मात्र ना नाव, ना शिक्का. मग हे ओळखायचं कशावरून?

आधी तो पेला खरंच दाबकाचेचा आहे का, ते पाहावं. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात टाकून वरून दट्ट्या दाबला की बाहेरची नक्षी साचा देतो आणि आतली बाजू दट्ट्या. म्हणून दाबकाच आतून गुळगुळीत लागते. साच्यात फुंकलेल्या वस्तूत बाहेरच्या नक्षीचे उंचवटे-खोलगे आतूनही बोटाला जाणवतात. हाताने कापलेल्या काचेच्या कडा धारदार असतात, दाबलेल्या काचेच्या बोथट. साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे उभी शिवण उमटते. ती तीन ठिकाणी दिसली तर साचा तीन भागांचा. पण चांगला कारागीर वस्तू पुन्हा आगीत धरून ही शिवण जवळजवळ पुसून टाकतो. त्यामुळे शिवण दिसली नाही एवढ्यावरून निकाल देऊ नये.

रंगाबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. हिरवट झाक येते ती वाळूतल्या लोहामुळे. ती घालवायला मँगनीज वापरत, आणि अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळट होते. अतिनील टॉर्चखाली युरेनियमची काच झगझगीत हिरवी दिसते, मँगनीजची मंद हिरवी. यातून वाळू कळते, मसाला कळतो, फार तर काळाचा अंदाज येतो. कारखाना कळत नाही. लोह असलेली वाळू काही एकट्या तळेगावच्या वाट्याला आलेली नव्हती. बुडबुडे म्हणजे वितळलेली काच पुरती निवळली नाही एवढंच. तो दोष जगातल्या कुठल्याही भट्टीत होतो.

विलायती मालाचं काम थोडं सोपं असतं. इंग्लंडमध्ये १८४२ ते १८८३ पर्यंत नोंदवलेल्या नमुन्यांवर पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराचं चिन्ह असे, १८८४ पासून क्रमांक आले. तिथली सॉवरबी काच कंपनी मोराच्या डोक्याचा शिक्का उठवत असे. तरीही क्रमांकावरून कळतं ते नमुना कधी नोंदवला एवढंच. पेला त्यानंतर कितीतरी वर्षांनी दाबलेला असू शकतो. बेल्जियम, बोहेमिया आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात जपान इथून मुंबई बंदरात उतरलेला बराचसा माल तर बिनशिक्क्याचाच होता.

नक्षीवरून कारखाना ठरवणंही धोक्याचं. साचे महाग असतात. कारखाना बुडाला की ते विकले जातात. अमेरिकेतली हायझी कंपनी १९५७ मध्ये बंद पडली आणि पुढच्याच वर्षी तिचे साचे इंपीरियल या दुसऱ्या काच कंपनीकडे गेले. नक्षी तीच, भट्टी दुसरी. कारखान्याच्या आवारात सापडलेले तुकडे पुरावा म्हणून पुढे केले जातात, पण कारखाने फुटकी काच बाहेरून विकत घेऊन नव्या मालाबरोबर वितळवतात. आवारातला तुकडा तिथेच घडला असेल असं नाही.

तळेगावची अडचण याहून खोल आहे, आणि मला ती गमतीचीही वाटते. तो कारखाना नुसता माल काढत नव्हता, माणसंही घडवत होता. तिथे शिकलेले हात देशभर पांगले. खुद्द वार्ष्णेय पुढे संयुक्त प्रांतात बहजोईला काच कारखाना काढायला गेले. मग घडणीतली तळेगावची पद्धत बहजोईच्या मालात दिसली तर नवल काय? शाळा जितकी चांगली, तितकी तिची खूण वेगळी काढणं अवघड.

कराडजवळच्या ओगलेवाडीबद्दल असाच गोंधळ होतो. ओगले काच कारखाना १९१६ चा आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी होता. कंदिलावरचं नाव पाहून काचही ओगल्यांचीच असं लोक धरून चालतात. पण कंदिलाची काच फुटते आणि बाजारात मिळेल ती बसवली जाते. नाव पत्र्याचं, काच कुणाचीही.

खात्रीचा म्हणावा असा एकच भौतिक पुरावा मला ठाऊक आहे: साच्यातला दोष. साच्यावर एखादा ओरखडा किंवा टवका पडला की त्यानंतर निघणाऱ्या प्रत्येक नगावर तो त्याच जागी, बोटांच्या ठशासारखा, उमटतो. शिक्का असलेल्या आणि नसलेल्या दोन पेल्यांवर एकच दोष एकाच जागी सापडला, तर दोन्ही एकाच साच्यातले. आणि दोघांच्या जन्मात फार अंतर नसेल, तर कारखानाही एकच मानायला हरकत नाही. त्यासाठी भिंग हवं, कॅलिपर हवा आणि बैठक हवी. बुडाशी चांदणीची नक्षी असेल तर तिच्या पाकळ्या मोजा, व्यास मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, तिरप्या उजेडात फोटो काढा. काच निवताना जरा आकसते, म्हणून बारीक फरक पडला तरी घाबरू नका.

बाकी भरवसा कागदावर. जुनी दरपत्रकं, त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, दुकानाचं बिल. मावळातल्या एखाद्या घरात आजोबांच्या ट्रंकेत पेल्यांच्या खरेदीची पावती निघाली, तर जुन्या बाजारातल्या शंभर पेल्यांपेक्षा ती मोलाची. पेला आणि पावती एकत्र ठेवा, पावतीचा फोटो काढा, घरात पेला कुणी आणि कधी आणला ते जाणत्यांकडून लिहून घ्या. असं काहीच हाती नसेल तर चिठ्ठीवर लिहावं: ‘दाबकाच, विसाव्या शतकाचा पूर्वार्ध, कारखाना अज्ञात.’ भाव थोडा उतरेल, उतरू द्या.