अष्ठीला ग्रंथीचे शीघ्र मापनात्मक चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन

पुरुषांच्या मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असणाऱ्या अष्ठीला म्हणजेच प्रोस्टेट ग्रंथीतील कर्करोग ओळखण्यासाठी तिच्या ऊतकांचे चुंबकीय गुणधर्म थोड्या वेळात अंकांत मोजण्याच्या पद्धती. एमआरआय या नावाने परिचित असलेल्या नेहमीच्या तपासणीत ग्रंथीची केवळ करड्या छटांची प्रतिमा मिळते. एखादी गडद छटा कर्करोगाची की जुन्या दाहाची, हे तज्ञाच्या नजरेवर अवलंबून राहते व दोन तज्ञांची मते भिन्न असू शकतात. निर्णय चुकल्यास मारक अर्बुद निसटते किंवा सुईने ऊतकाचे नमुने काढण्याची जीवोतक परीक्षा रुग्णाला विनाकारण सोसावी लागते.

प्रबळ चुंबकीय क्षेत्रात रेडिओ स्पंदाने क्षुब्ध झालेली हायड्रोजनाची अणुकेंद्रे हळूहळू पूर्वस्थितीस येतात. क्षेत्राच्या दिशेतील चुंबकन पुन्हा वाढण्याच्या कालास टी१ व आडवे चुंबकन क्षीण होण्याच्या कालास टी२ शिथिलन काल म्हणतात. ग्रंथीच्या परिघीय भागात, जेथे बहुतेक अर्बुदे उद्‌भवतात, द्रवाने भरलेल्या नलिका असतात. त्यामुळे तेथे टी२ दीर्घ असतो व पाण्याच्या रेणूंचे विसरण मोकळेपणाने होते. कर्करोगाच्या दाट कोशिका ही जागा व्यापतात तेव्हा टी२ व विसरण गुणांक दोन्ही घटतात.

असे मापन करण्याची कल्पना प्रतिमेहून जुनी आहे. रेमंड दमादियन यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या अर्बुदांतील शिथिलन काल निरोगी ऊतकांतील कालांपेक्षा दीर्घ असल्याचे दाखविले (अष्ठीलेच्या परिघीय भागात फरक नेमका उलट आढळतो). पॉल लॉटरबर यांची प्रतिमा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे प्रतिमेने मापनास मागे टाकले, ते मुख्यतः वेळेमुळे. दोन्ही कालांसाठी स्वतंत्रपणे पुनःपुन्हा मोजमाप करावे लागे. तेवढ्यात गुदांत्रातील वायू सरकतो, मूत्राशय भरते व ग्रंथी हलते.

अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील डॅन मा, मार्क ग्रिसवोल्ड व सहकारी यांनी २०१३ मध्ये ‘चुंबकीय अनुस्पंदन अंगुलिमुद्रण’ ही पद्धत मांडली. तीत स्पंदांचे कोन व त्यांमधील अंतरे सतत बदलत ठेवतात, त्यामुळे प्रत्येक ऊतकाच्या संकेतात वैशिष्ट्यपूर्ण चढउतार उमटतात. टी१ व टी२ यांच्या असंख्य जोड्यांचे संकेत ब्लॉख समीकरणांवरून संगणकाने आधीच काढलेले असतात. त्यांतील जुळणारा संकेत सापडला की, दोन्ही काल एकदमच कळतात. सुटी प्रतिमा अपुऱ्या विदेमुळे अस्पष्ट असली, तरी जुळणी संपूर्ण मालिकेची होत असल्याने ते चालून जाते. अष्ठीलेसाठी या पद्धतीला विसरण मापनाची जोड दिल्याचे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

दाहामुळेही टी२ घटत असल्याने एकट्या अंकावर निदान ठरविता येत नाही. विसरण गुणांक तर यंत्र व मापनाची रीत यांनुसारही बदलतो. म्हणून एका रुग्णालयात ठरविलेली सीमा दुसऱ्या रुग्णालयात पडताळल्याशिवाय वापरणे धोक्याचे असते.