प्रिंटरलाही माणसाची ओळख पटू द्या



उसाची नोंद झाली की कागद, तोडणी आली की चिठ्ठी, काट्यावर वजन झाले की पावती आणि शेवटी बिल. या कागदांवर तुमचे नाव, गट नंबर, टनेज, कधी बँकेचा खाते क्रमांकही असतो. घोटावड्यासारख्या गावच्या गट कार्यालयात हे सगळे बहुधा एकाच प्रिंटरमधून निघते. कुणीही बटण दाबावे आणि कुणीही गठ्ठा उचलावा, असा कारभार असला तर एकाचा कागद दुसऱ्याच्या हाती जायला कितीसा वेळ?

म्हणून प्रिंटरने आधी माणूस ओळखावा. ही यादी प्रिंटरमध्येच भरता येते. पण चार कार्यालयांत चार प्रिंटर असले की याद्याही चार. हंगाम संपून हंगामी कारकून घरी गेला, एका यादीतून नाव खोडले, तिघांत तसेच राहिले! यासाठी रजिस्टर एकच हवे. संगणकात त्याला डिरेक्टरी म्हणतात, आणि तिला विचारणा करण्याच्या ठरीव पद्धतीला एलडॅप. ही पद्धत १९९३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात तयार झाली. कर्मचारी नाव व पासवर्ड देतो, प्रिंटर ते डिरेक्टरीकडे पाठवतो, होकार आला तरच काम पुढे सरकते. डिरेक्टरीत नाव एकदा बंद केले की चारही प्रिंटर त्याला नकार देतात.

जोडणी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. प्रिंटरला डिरेक्टरीच्या सर्व्हरचा पत्ता आणि नावे कोणत्या शाखेत शोधायची ते सांगावे लागते.

२. साधी जोडणी ३८९ क्रमांकाच्या पोर्टवर होते. तीवर पासवर्ड उघडा जाऊ शकतो. ६३६ वरील जोडणी कुलूपबंद असते, तीच घ्यावी.

३. शोध घेण्यासाठी प्रिंटरला जे खाते द्यायचे, त्याला फक्त वाचण्याचा अधिकार असावा. साहेबांचे खाते देऊ नये.

४. नुसती ओळख मागून भागत नाही. माणूस यंत्रापाशी येईपर्यंत कागद आतच थांबवण्याची सोयही चालू करावी.

५. चाचणी दोन्ही अंगांनी घ्यावी. खऱ्या पासवर्डला होकार आणि खोट्याला नकार मिळालाच पाहिजे.

६. प्रिंटरचा कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड बदलून, नवा पाकिटात सीलबंद ठेवावा. लाइन बंद पडून डिरेक्टरी गाठता आली नाही, तर ऐन तोडणीत चिठ्ठ्या अडायला नकोत.

हिंजवडीच्या कंपन्यांत जाणाऱ्या आपल्या मुलांना यात नवल वाटणार नाही. त्यांना जरूर विचारा. आणि कार्यालयात आपला कागद मागताना कारकुनाने दोन मिनिटे घेतली तर रागावू नका. तो वेळ तुमच्याच नावाच्या राखणीसाठी आहे.